Explained: मकबऱ्याच्या बागेत बसून परीक्षेच्या पुस्तकांची भाषा घडवणारे मौलवी अब्दुल हक कोण होते?

२०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. पहिला पेपर प्रथम भाषेचा होता. मराठी माध्यमाच्या मुलांनी मराठीचा लिहिला, उर्दू माध्यमाच्या मुलांनी उर्दूचा. २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिनही असतो. परीक्षा संपायच्या आत, २ मार्चला, रमजानचा पहिला रोजा आला.

त्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या रोशन गेट, किराडपुरा, शहागंज भागांत पहाटे चारला घराघरांत दिवे लागत होते. सहरी करायची, फजरची नमाज पढायची आणि पुन्हा झोपण्याऐवजी पुस्तक उघडायचे, असा अनेक मुलामुलींचा क्रम होता. अकराच्या पेपरला रोजा ठेवूनच जायचे. इस्लामी महिने चंद्रावर चालतात. त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो आणि काही वर्षे तो नेमका परीक्षेच्या तोंडावर येतो.

यातल्या अनेक मुलांच्या हातात विज्ञानाचे पुस्तक उर्दूतले असते. त्यात भौतिकशास्त्राला ‘तबीईयात’ म्हणतात, गणिताला ‘रियाजी’ आणि भूगोलाला ‘जुगराफिया’. असे शब्द पाठ्यपुस्तकात बसवायला, नसतील तर नव्याने घडवायला कुणाला तरी बसावे लागले होते. त्या कामातला एक मोठा माणूस याच शहरात, बीबी का मकबऱ्याच्या आवारात राहत होता. नाव मौलवी अब्दुल हक. उर्दूचे जग त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखते. शहरातल्या मराठी वाचकाला मात्र हे नाव फारसे माहीत नाही.

थोडक्यात:

• मौलवी अब्दुल हक (१८७०-१९६१) मूळचे उत्तर प्रदेशातल्या हापूर भागातले. त्यांच्या आयुष्यातली कामाची सर्वांत भरीव वर्षे औरंगाबादेत गेली.
• ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे मुख्यालय सुमारे पाव शतक, १९३८ पर्यंत, याच शहरात होते.
• उस्मानिया विद्यापीठासाठी पुस्तके भाषांतरित करणाऱ्या विभागाचे ते पहिले प्रमुख.
• मकबऱ्यातल्या नामदेव नावाच्या माळ्यावर त्यांनी लिहिलेले व्यक्तिचित्र उर्दूच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले.

आता सविस्तर.

हापूरचा मुलगा औरंगाबादला कसा आला?

अब्दुल हक यांचा जन्म १८७० मधला. १८५७ चा उठाव होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती. फारसीचे दिवस संपले होते आणि सरकारी नोकरीचा रस्ता इंग्रजीतून जाऊ लागला होता. उत्तर भारतातल्या मुस्लीम घरांमध्ये वाद एकच होता. मुलाला इंग्रजी शाळेत घालायचे की नाही? घातले तर दीन जाईल आणि नाही घातले तर नोकरी जाईल, अशी दुहेरी भीती होती.

सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला १८७५ मध्ये सुरू केलेली संस्था हे त्यावरचे एक उत्तर होते. इंग्रजी शिका, विज्ञान शिका आणि आपली ओळखही ठेवा, असा त्यामागचा विचार. अब्दुल हक याच अलीगढच्या महाविद्यालयात शिकले आणि १८९४ मध्ये बी.ए. झाले. तिथे त्यांना सर सय्यद यांचा सहवास मिळाला. शिक्षणाशिवाय समाजाला गती नाही, हा धडा त्यांनी तिथून उचलला.

त्या काळात उत्तरेतल्या शिकलेल्या तरुणांना निजामाच्या हैदराबाद संस्थानात नोकऱ्या मिळत. अब्दुल हकही तिकडे आले. आधी शिक्षकी, मग शाळा तपासनिसाची नोकरी. शिक्षण खात्याच्या याच नोकरीने त्यांना औरंगाबादेत आणले.

शाळा तपासायला गावोगावी जाणारा माणूस वर्गात काय चालले आहे ते रोज पाहतो. मूल नेमके कुठे अडते हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. पुढे अब्दुल हक यांनी जे काम उभे केले, त्याची मुळे या तपासनिसाच्या नोकरीत शोधता येतात.

१९१२ मध्ये काय घडले?

१९०३ मध्ये ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ म्हणजे उर्दूच्या प्रगतीसाठीची संस्था स्थापन झाली होती. पहिले सचिव होते विद्वान शिबली नोमानी. नाव मोठे होते, पण काम फारसे पुढे सरकत नव्हते. १९१२ मध्ये सचिवपद अब्दुल हक यांच्याकडे आले. वारशात एक जुनी पेटी आणि थोडे कागद एवढेच मिळाले, अशी आठवण सांगितली जाते.

अब्दुल हक यांची नोकरी औरंगाबादला होती, म्हणून संस्थाही त्यांच्यामागे औरंगाबादला आली. दिल्ली, लखनौ ही उर्दूची मानाची शहरे. पण १९३८ पर्यंत या संस्थेचा पत्ता औरंगाबाद, दख्खन असाच राहिला. पुस्तके इथून निघत आणि लाहोरपासून कोलकात्यापर्यंत जात.

परीक्षेची अडचण नेमकी कोणती होती?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या विद्यापीठांत उच्च शिक्षण इंग्रजीतून होते. तमिळ, मराठी, बंगाली किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाला इतिहासाच्या पेपरात आधी इंग्रजीशी झुंजावे लागे, मग इतिहासाशी. विषय समजलेला असूनही भाषेमुळे नापास होणारे बरेच असत. समजून घेण्यापेक्षा पाठ करणे सोपे पडे. पाठांतराची सवय तिथूनच पक्की होत गेली.

हैदराबाद संस्थानात यावर एक धाडसी तोडगा निघाला. १९१७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी नव्या विद्यापीठाचा हुकूम काढला. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू, इंग्रजी मात्र सक्तीचा विषय. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे देशातले पहिले आधुनिक विद्यापीठ मानले जाते.

हुकूम निघाला, पण पुस्तके कुठे होती? भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, युरोपचा इतिहास या विषयांची पदवीच्या दर्जाची पुस्तके उर्दूत जवळपास नव्हती. पुस्तक नसेल तर शिक्षक काय शिकवणार आणि विद्यार्थी कशावरून अभ्यास करणार?

म्हणून १९१७ मध्येच, वर्ग सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग उघडला गेला. त्याचे पहिले प्रमुख अब्दुल हक. त्यासाठी ते काही काळ हैदराबादला गेले.

नवे शब्द कसे घडवले जात?

भाषांतर विभागाचे काम दोन पातळ्यांवर चालायचे. एकीकडे विषय आणि भाषा जाणणारे भाषांतरकार पुस्तक उर्दूत आणत. दुसरीकडे परिभाषा ठरवणाऱ्या समित्या बसत. त्यांत भाषेचे जाणकार असत आणि त्या-त्या विषयाचेही. एकेका शब्दावर खल होई.

प्रश्न असे असत: ऑक्सिजनला ऑक्सिजनच म्हणायचे की नवा शब्द काढायचा? नवा काढला तर तो अरबी धातूवरून घडवायचा की रोजच्या हिंदुस्तानी बोलीतून? अरबीवरून घडवलेला शब्द नेमका असतो, पण जड होतो. बोलीतला शब्द सोपा असतो, पण त्याला आधीच पाच अर्थ चिकटलेले असतात. विभागातले वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा कशी घडवावी यावर एक अख्खे पुस्तकच लिहिले.

या विभागात पुढे कोणकोण काम करून गेले पाहा. ‘उमराव जान अदा’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारे मिर्झा हादी रुसवा इथे भाषांतरकार होते. कवी जोश मलीहाबादी यांनीही इथे नोकरी केली. विभागाने पुढच्या काळात शेकडो पुस्तके काढली. उस्मानियात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणही उर्दूतून दिले गेले.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने मराठी परिभाषा कोश काढले. आज दहावीचे मूल संवेग, जडत्व, त्वरण असे शब्द लिहिते, तेव्हा त्यामागेही अशाच बैठका असतात.

या ओळी लिहिणाऱ्याने दहावी मराठी माध्यमातून केली आणि पुढे अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात फळ्यावर ‘मोमेंटम’ लिहिले गेले, तेव्हा हा काहीतरी नवाच प्रकार आहे असे वाटले होते. दोन दिवसांनी कळले की हा आपला जुना संवेगच. बाकावर शेजारी बसलेला मित्र उर्दू माध्यमातून आला होता. त्याच्या वहीत त्याच गोष्टीसाठी तिसराच शब्द होता. सूत्र तिघांचे एकच होते, वस्तुमान गुणिले वेग. अडलो होतो ते शब्दापाशी. सत्र परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही दोघांनी मिळून तीन रकान्यांची यादी केली होती: इंग्रजी, मराठी, उर्दू. अब्दुल हक यांनी आयुष्यभर असल्याच याद्यांचे काम मोठ्या प्रमाणावर केले, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते.

औरंगाबादेत त्यांनी काय काय केले?

भाषांतर विभागाची घडी बसवून अब्दुल हक औरंगाबादला परतले. शहरात १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले. किलेअर्क परिसरातले आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय म्हणजे तेच. अब्दुल हक या कॉलेजचे प्राचार्य होते. पुढे ते उस्मानिया विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाले.

अंजुमनचे काम नोकरीच्या जोडीने सुरूच होते. त्यातल्या ठळक गोष्टी अशा:

• जानेवारी १९२१ पासून औरंगाबादहून ‘उर्दू’ हे संशोधनपर त्रैमासिक निघू लागले.
• १९२८ मध्ये अंजुमनने ‘सायन्स’ नावाचे त्रैमासिक काढले. विज्ञान उर्दूत वाचायला मिळावे हा त्याचा हेतू होता.
• त्यांनी उर्दूचे व्याकरण लिहिले. त्यांच्या संपादनाखालचा मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश १९३७ मध्ये आला.
• जुनी हस्तलिखिते शोधून छापली. दख्खनी गद्यातला मुल्ला वजही यांचा ‘सबरस’ हा ग्रंथ त्यांनी संपादित केला. औरंगाबादचे लक्ष्मीनारायण शफीक यांनी अठराव्या शतकात लिहिलेला कवींचा चरित्रकोश ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ही त्यांनीच प्रकाशात आणला.
• मराठी भाषेवर फारसीचा काय परिणाम झाला, या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

शेवटचा मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. अर्ज, जमीन, वसूल, फिर्याद, हजर, तारीख हे शब्द आपण मराठी म्हणूनच वापरतो. मराठवाड्यात राहून उर्दूचे काम करणाऱ्या माणसाला शेजारच्या भाषेचे कुतूहल होते, हे या पुस्तिकेतून दिसते.

नामदेव माळी कोण होता?

मकबरा म्हणजे औरंगजेबाची बेगम राबिया दौरानी हिची कबर. पर्यटक मिनार आणि घुमट पाहून जातात. अब्दुल हक यांचे घर याच आवारात होते आणि बागेची देखरेखही त्यांच्याकडे होती. त्यांच्या टेबलासमोर मोठी खिडकी होती. खिडकीबाहेर बाग दिसायची आणि बागेत नामदेव.

नामदेव त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला होता. मकबऱ्यात तो माळीकाम करायचा. लिहिता लिहिता अब्दुल हक यांची नजर वर जाई, तेव्हा तो एखाद्या रोपापुढे बसलेला दिसे. आळे साफ करायचे, पाणी घालायचे, फांदी सरळ करायची आणि मग चार पावले मागे सरकून ते रोप कसे दिसते ते पाहायचे. पाहून स्वतःशीच खूश व्हायचे. सुरुवातीला अब्दुल हक यांना गंमत वाटली. मग ते हातातले काम सोडून त्यालाच पाहत बसू लागले.

नामदेवला मूलबाळ नव्हते. झाडांनाच तो लेकरांसारखे वाढवी. एखाद्या झाडाला कीड लागली की बेचैन होई. औषधे आणून उपचार करी आणि झाड सुधारेपर्यंत त्याला चैन पडत नसे. झाडपाल्याची औषधे त्याला ठाऊक होती. आसपासच्या लोकांची लहान मुले आजारी पडली की तो जाऊन औषध देई. त्याचा पैसा मात्र घेत नसे.

एका वर्षी पाऊस झाला नाही. विहिरी आटल्या. मराठवाड्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. बागा वाळू लागल्या, पण नामदेवचा भाग हिरवा राहिला. तो लांबून, रात्री-अपरात्री पाणी वाहून आणत होता. गढूळ असेल तरी ते आणून रोपांच्या मुळाशी घालत होता. अब्दुल हक यांनी त्याला बक्षीस देऊ केले. त्याने घेतले नाही. आपल्या मुलांना जगवण्याबद्दल कुणी बक्षीस घेतो का, असा त्याचा भाव होता.

पुढे निजामाला औरंगाबादची हवा आवडली आणि इथे शाही बाग उभी करायचे ठरले. काम शिक्षण खात्याचे प्रमुख सिराजुल हसन यांच्याकडे आले. त्यांना माणसांची पारख होती. त्यांनी नामदेवला तिकडे नेले. त्या बागेत जपान, इराण, सीरियाकडचे माळी आणलेले होते. त्यांच्यात हा न शिकलेला मराठी माणूस आपले काम पूर्वीसारखेच करत राहिला.

एके दिवशी बागेत मधमाश्या उठल्या. बाकीचे माळी पळून लपले. नामदेव कामात इतका गढला होता की त्याला पत्ताच लागला नाही. माश्यांनी त्याला डसून डसून घेरले. त्यातच तो गेला.

अब्दुल हक यांनी त्याच्यावर लिहिले. ‘चंद हमअस्र’ म्हणजे ‘काही समकालीन’ या त्यांच्या पुस्तकात सर सय्यद आणि हाली यांच्यासारख्या थोरांची व्यक्तिचित्रे आहेत. त्याच पुस्तकात, त्याच मानाने, नामदेव माळी आहे आणि नूर खान नावाचा एक साधा शिपाईही. नामदेवच्या मृत्यूला अब्दुल हक यांनी हौतात्म्य म्हटले. शेवटी त्यांनी मांडलेला विचार साधारण असा: प्रत्येकात निसर्गाने काहीतरी क्षमता ठेवलेली असते. ती पूर्णत्वाला नेण्याची धडपड हाच मोठेपणा. हिशेबाच्या दिवशी पूजाअर्चा किंवा नमाज किती केल्या हे विचारले जाणार नाही. दिलेल्या क्षमतेचे काय केलेस, हे विचारले जाईल.

एका मौलवीने, एका दलित माळ्याबद्दल, जवळपास शतकापूर्वी हे लिहिले. उर्दू शिकणाऱ्या असंख्य मुलांनी हा धडा पाठ्यपुस्तकात वाचला आहे, त्यावरची प्रश्नोत्तरे लिहून गुण मिळवले आहेत. पाकिस्तानातल्या शाळांमध्येही तो शिकवला गेला. लाहोरच्या मुलाला औरंगाबादच्या नामदेवचा स्वभाव पाच-सहा ओळींत लिहावा लागतो. औरंगाबादच्या मराठी मुलाला मात्र बहुधा नामदेव ठाऊकच नसतो.

मग मराठी मुलांचे काय झाले?

या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ती सांगितली नाही तर चरित्र अर्धवट राहील.

हैदराबाद संस्थानात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. उर्दू ही राज्यकारभाराची आणि शहरी वर्गाची भाषा होती. उस्मानियाने इंग्रजीचे ओझे उतरवले खरे, पण मराठवाड्यातल्या मराठी मुलाच्या डोक्यावर इंग्रजीच्या जागी उर्दू आली. ज्याची घरची भाषा उर्दू होती, त्याचा पेपर सोपा झाला. वैजापूर किंवा अंबडच्या शेतकऱ्याच्या मुलाचा नाही.

संस्थानातली ही आणि इतर दडपणे पुढे फुटून बाहेर आली. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या याच कॉलेजच्या वसतिगृहातून ‘वंदे मातरम्’ आंदोलन सुरू झाले. गीत म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थी हटले नाहीत. ते काढून टाकले गेले आणि आंदोलन हैदराबादपर्यंत पसरले. अनेकांनी पुढचे शिक्षण नागपूर विद्यापीठात घेतले. वर्ष वाया जाण्याची, परीक्षा बुडण्याची जोखीम घेऊन ही मुले बाहेर पडली होती. अब्दुल हक तेव्हा या कॉलेजात नव्हते. पण मातृभाषेतून शिकण्याचा जो हक्क त्यांनी उर्दूसाठी मिळवला, तो मराठीला संस्थानात मिळाला नव्हता, हे नोंदवायलाच हवे.

औरंगाबाद का सुटले?

१९३० च्या दशकात हिंदी-उर्दू वाद तापला होता. एप्रिल १९३६ मध्ये नागपूरला भारतीय साहित्य परिषदेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष महात्मा गांधी होते. देशाची सामाईक भाषा कोणती, तिला हिंदी म्हणायचे की हिंदुस्तानी, यावर अब्दुल हक आणि गांधीजी यांच्यात मतभेद झाले. अब्दुल हक दुखावून परतले. उर्दूची लढाई आता दिल्लीतून लढावी लागेल, असे त्यांना वाटू लागले. १९३८ मध्ये अंजुमनचे मुख्यालय दिल्लीला हलले आणि औरंगाबादचे पर्व संपले.

१९४७ च्या दंगलींत दिल्लीच्या दर्यागंजमधल्या अंजुमनच्या कार्यालयाची नासधूस झाली. वर्षानुवर्षे जमवलेली पुस्तके आणि कागद गेले. १९४८ मध्ये अब्दुल हक कराचीला गेले. तेव्हा त्यांचे वय ७८ च्या घरात होते. भारतातली अंजुमन मागे राहिलेल्या लोकांनी पुन्हा उभी केली. तिचे काम आजही दिल्लीतून चालते.

कराचीत १९४९ मध्ये त्यांनी उर्दू कॉलेज सुरू केले. विज्ञानासह सगळे विषय उर्दूतून शिकवायचे, हा औरंगाबाद-हैदराबादचाच आराखडा. पुढे त्या कॉलेजचे विद्यापीठ झाले.

शेवटच्या वर्षांतली विसंगती कोणती?

पाकिस्तानची एकमेव राष्ट्रभाषा उर्दूच असावी, असा त्यांचा आग्रह होता. पूर्व पाकिस्तानातल्या बंगाली लोकांना ते मान्य नव्हते. त्यांनाही आपल्या भाषेत शिकायचे होते, परीक्षा द्यायची होती, अर्ज लिहायचे होते. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि तरुण मारले गेले. तरीही १९५४ मध्ये बंगालीला दर्जा देण्याचा निर्णय होऊ घातला, तेव्हा त्याविरोधात कराचीत निघालेल्या मोर्चाचे नेतृत्व अब्दुल हक यांनी केले.

युनेस्कोने १९९९ मध्ये जाहीर केलेला मातृभाषा दिन त्या ढाक्याच्या मुलांच्या स्मरणार्थ आहे. म्हणजे ज्या तारखेला २०२५ मधला उर्दूचा पेपर झाला, त्या तारखेच्या इतिहासात अब्दुल हक चुकीच्या बाजूला उभे होते. मुलाला त्याच्या भाषेत शिकू द्या, हे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या मुलाची भाषा दिसली नाही. थोर माणसाचे चरित्र वाचताना हेही वाचावे लागते.

१६ ऑगस्ट १९६१ रोजी कराचीत त्यांचे निधन झाले. त्यांची कबर त्यांनीच उभारलेल्या उर्दू कॉलेजच्या आवारात आहे. आयुष्याची उमेदीची वर्षे एका कबरीच्या बागेत राहून काढलेला माणूस शेवटी एका शिक्षणसंस्थेच्या अंगणात विसावला.

आज त्यांच्या कामातले काय उरले?

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. भाषांतरित पुस्तके कपाटात गेली. औरंगाबादेत मात्र शिक्षणाची नवी दारे उघडली. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद महाविद्यालय. मराठी मुलाला त्याच्या भाषेत शिकता येऊ लागले आणि उर्दू शाळाही सुरू राहिल्या.

आजची स्थिती अशी:

• दहावीपर्यंत: बालभारतीची पुस्तके उर्दूत आहेत आणि बोर्डाची परीक्षा उर्दूतून देता येते. गणिताच्या पुस्तकात वाक्य उजवीकडून डावीकडे वाचायचे असते आणि समीकरण डावीकडून उजवीकडे. मुलांना त्याची सवय होऊन जाते.
• अकरावी-बारावी विज्ञान: अभ्यास इंग्रजीतून. खरी उडी इथे असते.
• एमएचटी-सीईटी: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी, मराठी किंवा उर्दूत मिळते. गणित फक्त इंग्रजीत.
• नीट आणि जेईई मेन: नीट २०१८ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून उर्दूतही देता येते. दोन्ही परीक्षा मराठीतही आहेत.

वरवर पाहता प्रश्न सुटलेला दिसतो. पण प्रश्नपत्रिका आपल्या भाषेत मिळाली म्हणून तयारी आपल्या भाषेत होत नाही. क्लासच्या नोट्स, मोबाइलवरचे सराव प्रश्न, व्हिडिओ बहुतेक इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी माध्यमाच्या मुलाचीही हीच तक्रार असते. अब्दुल हक यांच्या कामाचा क्रम इथे आठवावा लागतो. विद्यापीठाचे वर्ग १९१९ मध्ये भरले, पण पुस्तकांची तयारी १९१७ मध्येच सुरू झाली होती. आज पेपरचे भाषांतर आधी झाले आहे आणि पुस्तके मागे राहिली आहेत.

तोवर विद्यार्थ्याने काय करायचे? दहावीच्या सुट्टीतच विज्ञान आणि गणितातल्या महत्त्वाच्या शब्दांची दोन-तीन रकान्यांची यादी करून ठेवायची: आपला शब्द, इंग्रजी शब्द आणि त्याचे सूत्र. सीईटी किंवा नीटचा अर्ज भरताना माध्यम निवडण्याआधी त्या भाषेतली जुनी प्रश्नपत्रिका एकदा सोडवून पाहायची. आणि रमजानमध्ये पेपर असेल तर सहरीनंतरच्या शांत तासात पाठांतराऐवजी अवघड प्रकरण घ्यायचे. उपाशीपोटी दुपारी डोके जड होते, पहाटे ते ताजे असते. हे या शहरातल्या थोरल्या भावंडांनी धाकट्यांना सांगितलेले शहाणपण आहे.

परीक्षा संपल्यावर एखाद्या संध्याकाळी मकबऱ्यात जायला हरकत नाही. सगळे फोटो घुमटाचे काढतात. पाहणाऱ्याने एकदा बागेकडेही पाहावे. इथेच कुठेतरी खिडकीआड एक मौलवी शब्द जुळवत बसलेला असायचा आणि बाहेर नामदेव एका रोपापासून चार पावले मागे सरकून, ते नीट उभे राहिले का, ते पाहत असायचा.